वर निखारे, खाली निखारे

ओव्हन मराठी मध्यमवर्गीय घरात शिरला तो बराच उशिरा, आणि तोही पाहुण्यासारखा. झाकणाला काच असलेला अ‍ॅल्युमिनियमचा तो गोल डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात असायचा आणि वाढदिवसाला खाली उतरायचा. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी कुकरमध्ये वाळू घालून केक भाजले. त्यात फळ म्हणून काय पडे? अननसाच्या इसेन्सचे चार थेंब आणि टुटीफ्रुटी. टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे पाकात मुरवून रंगवलेले तुकडे. फळ होते, पण ते पपईचे आहे हे कोणाला कळू नये याची पुरती काळजी घेतलेली!

ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातल्या चुलीवर फळांचा केक भाजला जात होता. त्याला केक कोणी म्हणत नव्हते, एवढेच. त्याचे नाव धोंडस. गोव्यात तवशाच्या धोंडसाला तवसळी म्हणतात.

घाटावरच्या बहुतेक वाचकांनी ते खाल्ले नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तवसे म्हणजे पावसाळ्यात परसात होणारी मोठी काकडी. पहिल्या पावसाला बी टोचायचे आणि वेल मांडवावर चढवायचा. कोवळे तवसे कोशिंबिरीला जाते. वेलीवर राहून पिवळे, जाडजूड झालेले जून तवसे धोंडसासाठी ठेवायचे. ते वाशाला टांगले की दिवाळीपर्यंत टिकते. धोंडसासाठी बिया आणि मधला मऊ गर काढून ते किसतात, पण कीस पिळत नाहीत. तांदळाचा रवा तुपावर भाजून घेतात आणि त्या किसाच्या पाण्यातच गूळ व खोबरे घालून शिजवतात. दूध नाही, वरून पाण्याचा थेंब नाही. मिश्रण आळले की तूप लावलेल्या जाड बुडाच्या टोपात थापायचे, झाकण ठेवायचे, चुलीतला जाळ ओढून खाली निखारे ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. वरचा पापुद्रा तांबूस झाला आणि टोचलेली सुरी कोरडी बाहेर आली की झाले. खायचे मात्र दुसऱ्या दिवशी, गार, वर लोणी घालून. गरम खाणाऱ्याला त्यातले काही कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मे महिन्यात हेच धोंडस बरक्या फणसाचे होते. गरे चाळणीवर घासून रस काढायचा, बाकी कृती तीच. पण फणसावर पाऊस पडला की तो पाणचट होतो. मग रवा वाढतो, गूळही वाढतो. सिंधुदुर्गातल्या एका शाखेत असताना मी एका बाईंना प्रमाण विचारले होते. त्या म्हणाल्या, "सायबानू, माप खयचा? तवसा सांगात तितको रवो." बँकेच्या नोकरीत मला इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळाले.

आंब्याचे विचाराल, तर हापूस भाजू नये. त्याचे सारे ऐश्वर्य वासात, आणि विस्तवाशी त्या वासाचे जमत नाही. आंबट रायवळ त्यापेक्षा बरा टिकतो. असो.

१९९२ साली 'नाबार्ड'ने पाचशे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याचे वारे आमच्या शाखेत पोचायला चार वर्षे लागली. मग त्याच बाई आपल्या गटाचा अर्ज घेऊन आल्या. एक भट्टी आणि डबे यांसाठी पंधरा हजार हवे होते. फॉर्मात मासिक उत्पादनाचा तक्ता होता. त्यांनी मे-जूनपुढे 'फणस' लिहिले होते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरपुढे 'तवसा'. उरलेल्या सात महिन्यांपुढे, कोणीतरी शिकवले असावे, 'निरंक'. वरून विचारणा आली, की वर्षातले सात महिने बंद राहणारा हा कसला उद्योग? मी उत्तर पाठवले, की पीककर्ज आपण पीक हाती आल्यावर फेडून घेतो, तसे हेही घेऊ. हप्ते दोनच ठेवले, जुलै आणि नोव्हेंबर. कर्ज वेळेत फिटले. गिऱ्हाईक कोण, तर गणपतीला आलेले चाकरमानी. परतीच्या गाडीत ते डबे भरभरून धोंडस नेत.

गट अजून आहे, भट्टीही आहे. पण त्या भट्टीतून आता बहुतेक चॉकलेटचा केक निघतो. पर्यटक येतात दिवाळीत आणि नाताळात. फणस आणि तवसे त्यांच्या सवडीने पिकत नाहीत. मैदा आणि कोको बारा महिने मिळतात, आणि माप पुड्यावर छापलेले असते. यात त्या बायकांना दोष देण्याचे कारण नाही. २०२३ साली गोव्याच्या बिबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. तीही निखाऱ्यांचीच लेक, थरावर थर देत वरून भाजलेली. धोंडसाला असा काही मान मिळाला, तर मला आनंदच होईल. पण अडचण मानाची नाही, तवशाची आहे.

बाजारातली बारीक हिरवी काकडी आणून धोंडस होत नाही. तिच्यात पाणी असते, पण जून तवशाचा गर नसतो आणि तो वासही नसतो. तवसे परसातलेच हवे आणि परसात आता माकडे आहेत. कोकणात ज्यांची बाग आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कळपच्या कळप येतो आणि मांडव सकाळच्या चहाच्या आत उघडा पडतो. राखणीला घरात माणूस नाही; म्हातारी माणसे दार लावून आत बसतात. लोकांनी वेल लावणेच सोडले. वेल गेला की बी जाते, कारण हे बी दुकानात मिळत नाही. मागच्या वर्षीच्या तवशातूनच ते काढावे लागते. निखाऱ्यांचे मला फारसे दुःख नाही. ओव्हनमध्ये धोंडस उत्तम होते, मी स्वतः खाल्ले आहे. बी मात्र ओव्हनमध्ये तयार होत नाही.

गेल्या भाद्रपदात त्या वाडीत जाऊन आलो. अकरा घरांपैकी तिघांकडे मांडव होता, तोही मासेमारीचे जुने जाळे वर टाकून झाकलेला. बाई आता थकल्या आहेत. भट्टी त्यांची सून चालवते. तिने त्या तिन्ही घरांत एकेक तवसे बियाण्यासाठी सांगून ठेवले होते आणि दोन मिळाली. बिया राखेत घोळून तिने चुलीमागच्या भिंतीला थापल्या आहेत. मृग लागला की शेजारणींना वाटणार आहे. जाळे विकत आणायला कर्ज मिळेल का, असे तिने मला विचारले. मी म्हटले, एवढ्याशा रकमेला कर्ज कशाला? किंमत विचारून ठेव.