मेमरी चिप : भरणे सोपे, टिकवणे हुनराचे

टी.व्ही., वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, वजनकाटा, एम्ब्रॉयडरी मशीनचे पॅनल अशा कितीतरी वस्तू दुरुस्त करण्यावर आपल्या अनेक बांधवांची रोजीरोटी चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिप, प्रोग्रामर आणि सॉकेट यांचा मोठा बाजार भरतो. तिथून घेतलेला माल गावोगावच्या लहान दुकानांत पोहोचतो. या कामात एक तक्रार नेहमी ऐकू येते : "चिप भरून दिली, सेट चालू झाला, गिऱ्हाईक खूश होऊन गेले आणि तीन महिन्यांनी तोच सेट परत आला." दोष कधी चिपचा असतो. पण बऱ्याच वेळा चिप भरण्याच्या पद्धतीत कसर राहिलेली असते. ती कसर कुठे राहते आणि कशी टाळावी, हे आज पाहू.

चिपमध्ये नेमके काय भरले जाते?

वीज गेल्यावरही मजकूर जपणाऱ्या चिपच्या आत लाखो अतिसूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्पा काचेसारख्या ऑक्साइडच्या थराने चोहोबाजूंनी बंद असतो. कप्पा रिकामा असेल तर तो '१' वाचला जातो. जास्त दाबाची वीज देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की तो '०' वाचला जातो. म्हणून कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे 'एफएफ' दिसते. प्रोग्राम करणे म्हणजे हव्या त्या कप्प्यांत विजेचा भार कोंडणे. पुसणे म्हणजे तो भार बाहेर काढणे.

याच तत्त्वावर डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये इंटेल कंपनीत अतिनील प्रकाशाने पुसता येणारी ईप्रॉम चिप तयार केली. पुढे विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम आली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. नावे बदलली, आकार लहान झाला, पण भार कोंडून ठेवण्याचे तत्त्व तेच राहिले.

आपल्यातील रंगारी बांधवांना हे लगेच उमगेल. कापड रंगात बुडवून लगेच काढले तरी ते रंगलेले दिसते. पण रंग पुरता मुरला नसेल तर दोन धुण्यांत उतरतो. चिपचेही तसेच आहे. कप्प्यात भार कमी बसला तरी आज प्रोग्रामरवर '०' बरोबर वाचला जातो. मग सेटच्या आतली उष्णता आणि काळ यांमुळे थोडा भार झिरपतो, त्या '०' चा '१' होतो आणि सेट बंद पडतो. म्हणून 'आज वाचले जाते' एवढ्यावर समाधान मानू नये.

पुसण्याची कसर

जुन्या एम्ब्रॉयडरी मशीन, सी.एन.सी. पॅनल आणि वजनकाट्यांत अजूनही काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम सापडतात. त्या पुसायला २५३.७ नॅनोमीटर लांबीचा अतिनील प्रकाश लागतो. कंपन्यांच्या पत्रकांनुसार एकूण मात्रा दर चौरस सेंटिमीटरला १५ वॅट-सेकंद असावी. दर चौरस सेंटिमीटरला १२,००० मायक्रोवॅट देणारा दिवा एक इंचाच्या आत ठेवला तर हे काम साधारण २० मिनिटांचे आहे. दिवा जुना झाला की त्याचे तेज कमी होते आणि वेळ वाढतो. खिडकीवर गोंद किंवा बोटांचा तेलकट डाग असेल तर प्रकाश आत पोहोचतच नाही. म्हणून आधी स्पिरिटने खिडकी स्वच्छ पुसावी.

पाच-सात मिनिटांत प्रोग्रामर 'कोरी' असे दाखवतो आणि कारागीर घाईने चिप बाहेर काढतो. काही कप्पे तेव्हा अर्धवट रिकामे असतात. चिप कोरी दिसल्यावरही पूर्ण मात्रा होईपर्यंत ती दिव्याखाली राहू द्यावी. उलट गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ ठेवणेही चिपला मानवत नाही. चालू दिव्याकडे डोळ्यांनी मुळीच पाहू नये. हा प्रकाश डोळे आणि कातडी भाजून काढतो. पेटीचे झाकण उघडताच दिवा बंद होईल अशी सोय असावी.

चिप भरून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक लेबल न विसरता लावावे. थेट उन्हात अशी चिप सुमारे एका आठवड्यात पुसली जाऊ शकते. खोलीतील ट्यूबलाइटने तेच व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. लेबलावर तारीख, मॉडेल आणि बेरीज लिहून ठेवली तर पुढच्या वेळी तेच लेबल वहीचे काम करते.

दाबाची चूक

चिप भरताना किती व्होल्ट द्यायचे हे चिपच्या पूर्ण नंबरावर ठरते. इंटेलची २७३२ ही २५ व्होल्टवर भरली जाते, तर २७३२ए ही २१ व्होल्टवर. २७६४ ला २१ व्होल्ट लागतात, तर २७६४ए ला १२.५ व्होल्ट. एका 'ए' अक्षराकडे दुर्लक्ष झाले की जास्त दाबाने चिप कायमची जळते, किंवा कमी दाबाने भार अपुरा बसतो. म्हणून प्रोग्रामरच्या यादीत 'साधारण तसाच' नंबर न निवडता कंपनीचे नाव आणि पूर्ण नंबर पाहूनच निवड करावी.

आजच्या चिपमध्ये जास्तीचा दाब आतच तयार होतो, पण दुसरी चूक होते. कॉम्प्युटर आणि एल.ई.डी. टी.व्ही. मध्ये येणाऱ्या २५ मालिकेच्या बहुतेक चिप २.७ ते ३.६ व्होल्टच्या असतात. काही लॅपटॉपमध्ये मात्र १.८ व्होल्टच्या चिप येतात. दिसायला त्या हुबेहूब सारख्या, फरक फक्त नंबरातील अक्षरांत असतो. त्यांना ३.३ व्होल्ट देणे म्हणजे चिपचे नुकसान. त्यासाठी वेगळा अडॅप्टर मिळतो, तो वापरावा. बाजारात खूप खपणाऱ्या काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामरच्या काही आवृत्त्यांत चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण संदेशाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. नवा प्रोग्रामर घेतला की मीटर लावून तारांवरचा दाब मोजून घ्यावा.

आधी जुना माल जपा

चिप पुसण्यापूर्वी जुना मजकूर वाचून फाइल करून ठेवणे हा या धंद्यातला पहिला नियम आहे. बोर्डाचा सीरियल नंबर, नेटवर्कचा पत्ता, पडद्याची जुळवणी, वजनकाट्याचे माप अशा गोष्टी फक्त त्याच चिपमध्ये असतात. इंटरनेटवरून घेतलेल्या फाइलमध्ये त्या सापडत नाहीत. पुसल्या गेल्या तर परत आणता येत नाहीत आणि गिऱ्हाइकाचे नुकसान आपल्या माथी येते.

चिप एकदा वाचून थांबू नये. तीनदा वाचावी आणि तिन्ही फाइल एकमेकींशी ताडून पाहाव्यात. फरक निघाला तर क्लिप किंवा सॉकेटचा स्पर्श कच्चा आहे, किंवा चिपच बिघडली आहे असे समजावे. बोर्डावर क्लिप लावली की चिपबरोबर बोर्डाचे इतर भागही वीज ओढतात, त्यामुळे वाचन चुकते. अशा वेळी चिप काढून सॉकेटमध्ये वाचणे बरे.

फाइलचा आकार चिपइतकाच असावा. २५क्यू६४ या नंबरातला ६४ हा आकडा मेगाबिटचा आहे. म्हणजे चिप ८ मेगाबाइटची, आणि फाइल नेमकी ८३,८८,६०८ बाइटची हवी. २४ मालिकेत २४सी०२ ही २५६ बाइटची, तर २४सी१६ ही २,०४८ बाइटची असते. २४सी१६ मिळाली नाही म्हणून २४सी३२ बसवली तर काम होत नाही. २४सी३२ पासून पुढच्या चिपना पत्ता दोन बाइटमध्ये द्यावा लागतो आणि जुना सेट तो एकाच बाइटमध्ये देतो.

पडताळणी : खरी कसोटी

भरून झाल्यावर प्रोग्रामर जी बेरीज दाखवतो ती आपल्या वहीतल्या तेरजेसारखी आहे. पण दोन रकमांची जागा बदलली तरी बेरीज तीच येते, हे कोणताही मुनीम सांगेल. म्हणून बेरजेवर न थांबता एकेक बाइट मूळ फाइलशी ताडून पाहणारी पडताळणी करावी.

चांगल्या प्रोग्रामरमध्ये कमी आणि जास्त व्होल्टवर पडताळणी करण्याची सोय असते. ५ व्होल्टच्या ईप्रॉमची पडताळणी ४.५ वर आणि ५.५ वर करावी. जास्त व्होल्टवर अपुरा भार असलेले कप्पे उघडे पडतात. कमी व्होल्टवर नीट न पुसलेले कप्पे उघडे पडतात. दोन्हीकडे पास झालेली चिप म्हणजे पक्क्या रंगाचे कापड. जी एका टोकाला अडखळते ती पुन्हा पुसून भरावी. दुसऱ्यांदाही अडखळली तर टाकून द्यावी. चिपची किंमत थोडी असते, पण सेट परत आला तर जाणारी इज्जत मोठी असते.

तापवणे आणि मुरवणे

कारखान्यांत चिपना सहसा १२५ अंश सेल्सिअसवर, वीज चालू ठेवून, एक आठवडा म्हणजे १६८ तासांपर्यंत चालवून पाहण्याची रीत आहे. ज्या चिप कच्च्या असतात त्या सुरुवातीच्या काळातच मरतात, बाकीच्या वर्षानुवर्षे टिकतात. लहान दुकानात अशी भट्टी नसते आणि घरातल्या ओव्हनमध्ये तसा प्रयोग करूही नये. आपल्यासाठी सोपा मार्ग हा : सेट जोडून, मागचे झाकण लावून, दिवसभर चालू ठेवावा. झाकण लावल्यामुळे आत नेहमीची उष्णता तयार होते. मधून मधून दहाएक वेळा तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. एवढ्यात टिकला तरच गिऱ्हाइकाला बोलवावे.

प्लास्टिकची सपाट चिप हवेतला ओलावा शोषते. पाकीट फोडून पावसाळ्यात बरेच दिवस पडलेली चिप गरम हवेने बसवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुगते किंवा तडकते. म्हणून कारखान्यांत अशा चिप आधी १२५ अंशांवर काही तास सुकवतात. किती तास, हे चिपच्या जाडीवर ठरते. प्लास्टिकच्या पट्टीत गुंडाळलेला माल मात्र एवढ्या उष्णतेत वितळतो. आपण निदान उघडा माल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

क्रम लक्षात ठेवावा : आधी सुकवणे, मग भरणे. विशेषतः टी.व्ही. आणि मोबाइलमधील दाट ईएमएमसी चिपमध्ये भरलेला मजकूर बसवतानाच्या उष्णतेने बिघडू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे ती बसवल्यानंतर भरावी, किंवा निदान बसवल्यावर पुन्हा पडताळून पाहावी.

आयुष्य आणि जुना माल

प्रत्येक वेळी पुसून भरताना ऑक्साइडचा थर थोडा झिजतो. २४ मालिकेच्या चिप साधारण १० लाख वेळा, २५ मालिकेच्या सुमारे १ लाख वेळा लिहिता येतात. दाट ईएमएमसी मात्र काही हजार वेळाच. झिजलेल्या चिपमधून भार लवकर झिरपतो. इथेच व्यापाऱ्याच्या भरोशाचा प्रश्न येतो. भंगार बोर्डावरून काढलेल्या, वरचा नंबर घासून नव्याने छापलेल्या चिप बाजारात नवीन म्हणून येतात. पायांवर जुने शिसे, पृष्ठावर घासल्याच्या रेघा, एकाच पाकिटात वेगवेगळ्या तारखा या त्यांच्या खुणा. जुनी चिप विकणे गैर नाही, ती नवी म्हणून विकणे गैर आहे. ऐब सांगून विकलेल्या मालावर गिऱ्हाईक पुन्हा येते.

आणखी एक सावधगिरी. हेच हुनर वापरून मोबाइलचा १५ आकडी आय.एम.ई.आय. नंबर बदलून द्या, गाडीचे किलोमीटर कमी करून द्या, अशी मागणी घेऊन लोक येतात. आय.एम.ई.आय. नंबरात फेरफार करणे केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी बेकायदेशीर ठरले आणि आजही ते बेकायदेशीर आहे. किलोमीटर घटवणे म्हणजे पुढच्या खरेदीदाराची उघड फसवणूक. चार पैशांसाठी असे काम घेऊन दुकानाला टाळे लावून घेऊ नये.

थोडक्यात, दुकानाच्या भिंतीवर लावून ठेवावा असा क्रम हा : पूर्ण नंबर वाचा, तीनदा वाचून फाइल जपा, पूर्ण पुसा, कोरी असल्याची खात्री करा, योग्य दाबाने भरा, एकेक बाइट ताडून पाहा, लेबल लावा, दिवसभर चालवा आणि मगच सेट द्या. यात एका सेटमागे कामाचा थोडा वेळ जास्त जातो. पण शागिर्दाला पहिल्या दिवसापासून हा क्रम शिकवला तर त्याचा हात तसाच बसतो, परत येणारे सेट कमी होतात आणि 'या दुकानातले काम टिकते' अशी ओळख होते. पाटीवर कितीही मोठी अक्षरे लिहिली तरी गिऱ्हाईक याच ओळखीवर येते.