टायर घेताना आकडे वाचा

मांडवीहून मिरकरवाड्याला पहाटे मासळी आणायला स्कूटर काढता ना? मग पावसाआधी टायर बघा. त्यावरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या की ब्रेक लावूनही गाडी घसरते. खाचेतल्या बारीक उंचवट्यापर्यंत रबर झिजलं, की टायर बदलायचाच.

नवा घेताना आधीचंच माप मागा. ९०/१००-१० म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १० इंची. पुढे ५३ असेल, तर त्या टायरवर जास्तीत जास्त २०६ किलो भार. मासळीची पाटी त्यात धरा.

शेवटी तारखेचे चार आकडे शोधा : २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. न वापरताही रबर कडक होतं, म्हणून स्वस्त मिळाला तरी जुना साठा नको. पैसे देण्याआधी हे आकडे स्वतः वाचा.