दोन आलिशान गाड्या : घाटातल्या आणि खतावणीतल्या

पुण्या-मुंबईच्या व्यापारी कुटुंबांचे मावळाशी नाते जुने आहे. कुणाचा लोणावळ्यात बंगला असतो, कुणाचे तळेगावला नातलग, तर कुणाचा कामशेतला व्यवहार. व्यवसाय स्थिरावला आणि मुले हाताशी आली, की घरात मोठ्या गाडीचा विषय निघतो. त्या चर्चेत दोन नावे हमखास समोर येतात : मर्सिडीज-बेंझ जीएलए आणि ऑडी क्यू3. दोन्ही नावे जर्मन असली, तरी जीएलएची जुळणी तळेगावपासून जवळच असलेल्या चाकणला होते आणि क्यू3ची छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला.

ऑगस्ट 2022 मध्ये भारतात आलेल्या क्यू3ला 2 लिटरचे, 190 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे आणि चारही चाकांना शक्ती पुरवणारी ‘क्वाट्रो’ यंत्रणा मुळातच दिलेली आहे. त्या वेळी तिची शोरूम किंमत 44.89 लाख रुपयांपासून होती. जानेवारी 2024 मध्ये नव्या रूपात आलेल्या जीएलएची किंमत 50.50 लाखांपासून होती. तिचे पेट्रोल इंजिन 1.3 लिटरचे, 163 अश्वशक्तीचे असून ते केवळ पुढची चाके फिरवते. चारही चाकांची शक्ती हवी असेल, तर 2 लिटरचे, 190 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन घ्यावे लागते.

हा फरक लोणावळ्याच्या पावसात महत्त्वाचा ठरतो. तेथे वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पवनानगरकडच्या निसरड्या चढावर किंवा बंगल्याच्या चिखलट वाटेवर चारही चाकांची ओढ निश्चित उपयोगी पडते. मात्र ही यंत्रणा गाडीला चढ चढवते, ती लवकर थांबवत नाही. खंडाळ्याच्या धुक्यात घाट उतरताना गाडी थांबते ती टायर, ब्रेक आणि चालकाचा संयम यांच्या बळावर. चातुर्मास संपल्यावर जुन्या महामार्गाच्या कडेने पहाटे साधू-साध्वींचा पायी विहार सुरू असतो. त्यांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्या समाजाने तरी अश्वशक्तीपेक्षा वेगमर्यादेला अधिक मान द्यावा. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही कारला ताशी 100 किलोमीटरचीच मर्यादा आहे. तो वेग या दोन्ही गाड्या सहज गाठतात. म्हणून केवळ वेगासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही.

डिझेल घेताना आणखी एक विचार करावा. आजच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, एकसारख्या वेगाने धावावी लागते. घर ते पेढी एवढाच रोजचा प्रवास असेल, तर ती तुंबण्याचा संभव वाढतो. आठवड्याला घाट ओलांडणाऱ्याला डिझेल मानवते. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला पेट्रोलच बरे. सामानासाठी क्यू3मध्ये 530 लिटरची जागा आहे. जीएलएमध्ये ती सुमारे 100 लिटरने कमी आहे. आजी-आजोबा, नातवंडे आणि चार दिवसांचे सामान घेऊन निघणाऱ्यांना ही तफावत लगेच जाणवेल.

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबांनी आसनांची चौकशी अवश्य करावी. जीएलएच्या आसनांना ‘आर्टिको’ नावाचे कृत्रिम आवरण असते. क्यू3मध्ये खऱ्या आणि कृत्रिम चामड्याचा मेळ असतो. स्टिअरिंगचे आवरण मात्र दोन्हींतही चामड्याचे असते. पर्याय मिळेल का, हे नोंदणीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.

आता खतावणी उघडू. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. ‘गाडी पेढीच्या नावे घेऊ, कर परत मिळेल’ हा समज सर्वत्र आढळतो. परंतु स्वतःच्या वापराच्या अशा कारवरील जीएसटीची वजावट सामान्य व्यापाऱ्याला कायद्याने मिळत नाही. महाराष्ट्रात 20 लाखांवरील पेट्रोल कार व्यक्तीच्या नावे असेल, तर एकरकमी वाहनकर 13 टक्के, डिझेलला 15 टक्के. कंपनीच्या नावे असेल, तर तोच 20 टक्के होतो. 50 लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा फरक साडेतीन लाखांचा आहे. व्यवसायाच्या वापरापुरता 15 टक्के घसारा मिळतो हे खरे. पण त्याच दराने 50 लाखांची गाडी तीन वर्षांनी पुस्तकात सुमारे 30.71 लाखांची उरते.

कर्जाचेही गणित पाहावे. 40 लाख रुपये 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 83 हजार रुपये पडतो आणि व्याजापोटी 9.82 लाख जातात. दिवाळीच्या मालखरेदीसाठी कॅश क्रेडिटची मर्यादा अपुरी पडत असेल आणि दारात नवी गाडी उभी असेल, तर ती गाडी व्यवसायाच्या अंगावर पडलेली असते.

निष्कर्ष सरळ आहे. मोठे कुटुंब, भरपूर सामान आणि अधूनमधून पावसाळी घाट असेल, तर क्यू3 अधिक सोयीची. नियमित लांबचा प्रवास असेल, तर जीएलएचे डिझेल योग्य. कृत्रिम आसने हवी असतील आणि वापर मुख्यतः शहरातच असेल, तर जीएलएचे पेट्रोल पुरेसे आहे. हप्ता नफ्यातून न निघता खेळत्या भांडवलातून निघणार असेल, तर यंदा दोन्हीही नकोत. जुन्या गाडीला चांगले टायर घालावेत. लोणावळा तिनेही गाठता येते.