कुटुमसरच्या गुहेला जायचे तर

लेणी म्हटली की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवते. ती माणसाने छिन्नीने कोरली. बस्तरमधील कुटुमसरची गुहा मात्र पाण्याने कोरलेली आहे. पावसाचे पाणी हवेतला नि मातीतला कार्बनी वायू घेऊन चुनखडीत मुरते, तिला विरघळवते, आणि छतातून ठिबकताना चुना मागे ठेवते. त्याचेच लोंबते झुंबर नि खालून उठणारे खांब होतात. बोटभर वाढीला शेकडो वर्षेही लागतात. तेव्हा गुरुजी, मुलांना आधीच बजावा: हात लावायचा नाही. हाताचे तेल लागलेल्या जागी चुना नीट धरत नाही.

पावसाळ्यात गुहेत पाणी भरते, म्हणून ती बंद असते. गणपतीच्या सुटीचा बेत नकोच. हिवाळ्यात निघा, नि गुहा उघडल्याची खात्री वनखात्याकडे करून घ्या. रायपूरहून जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर, तेथून गुहा ४० च्या आसपास. हे जंगल १९८२ पासून कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान आहे. वाटाड्या बरोबर हवाच. तोंड अरुंद, वाट निसरडी. अडचणीत ज्याचा जीव घाबरतो त्याने खुशाल बाहेर थांबावे, त्यात कमीपणा कसला?

आत डबक्यांत फिकट, अधू डोळ्यांचे मासे दिसतील. याच जातीचे डोळस मासे आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत असतात. १८७२ साली फ्रान्सिस डे यांनी पुण्याकडच्याच माशांवरून या जातीचे वर्णन केले. अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून गुहेतल्यांचा रंग गेला, डोळे खुरटले. त्यांच्यावर बॅटरीचा झोत रोखू नका, नि शिदोरीतले काही पाण्यात टाकू नका.