भरतीचं उत्तर

करंजाच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं. अमावास्या-पौर्णिमेला भरदुपारी आणि मध्यरात्री, तेही उधाणाचं. अख्ख्या कोकणपट्टीत चालणारा हा हिशेब चंद्रावर उभा आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते.

आणि गंमत अशी की ज्या माणसानं दुर्बिणीतून चंद्रावरचे डोंगर पाहिले, त्यालाच हे पटत नव्हतं.

१६३२ साली करंजा बेट पोर्तुगिजांकडे होतं. तिथल्या द्रोणागिरी डोंगरावर त्यांच्या चर्चचे अवशेष आजही आहेत. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओचा ‘संवाद’ छापून आला. पृथ्वी फिरते याचा त्याचा हुकमी पुरावा होता भरती-ओहोटी! गोडं पाणी वाहणारी नाव एकदम वेग घेते किंवा मंदावते तेव्हा आतलं पाणी मागे-पुढे हिंदकळतं. फिरत्या पृथ्वीवर समुद्राचंही तसंच होतं, असं त्याचं म्हणणं. त्याला पुस्तकाचं नावही भरती-ओहोटीवरूनच ठेवायचं होतं. चंद्र पाणी ओढतो, असं केप्लरनं १६०९ मध्येच लिहिलं होतं. गॅलिलिओनं ते पोरकटपणात काढलं. त्याच्या हिशेबानं दिवसाला एकच भरती यायला हवी होती. करंजाच्या कोळ्याला विचारलं असतं तर त्यानं दोन सांगितल्या असत्या.

पोप आठवा अर्बन हा गॅलिलिओचा जुना चाहता. त्याचा आग्रह एवढाच होता की पुस्तकात एक मुद्दा यावा: देव सर्वशक्तिमान आहे, तो समुद्र हजार तऱ्हांनी हलवू शकतो, म्हणून माझ्या बुद्धीला सुचलेलं कारण हेच एकमेव कारण, असं माणसानं म्हणू नये. हा मुद्दा फालतू नाही. दिसणारा परिणाम एक आणि त्याची संभाव्य कारणं अनेक, या पेचाशी विज्ञानाचे तत्त्वज्ञ आजही झुंजतात. आणि भरतीपुरतं बोलायचं तर पोपचा इशारा बरोबर निघाला. गॅलिलिओनं मात्र तो पुस्तकाच्या शेवटी सिंप्लिचिओ या बावळट पात्राच्या तोंडी घातला. पोप चिडला. १६३३ च्या जूनमध्ये सत्तरीला टेकलेल्या म्हाताऱ्याला गुडघे टेकून आपलं मत नाकारावं लागलं. १६४२ मध्ये तो नजरकैदेतच मेला.

बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातही पोपच्या मुद्द्यासारखीच शिकवण समुद्राच्या साक्षीनं येते. दुःखानं पिचलेला ईयोब जाब विचारतो. देव वादळातून बोलतो, पण उत्तर देत नाही, उलट प्रश्नच विचारतो. सागराच्या उगमापर्यंत तू कधी गेलास का, हा त्यातलाच एक. तेव्हा ईयोब आपल्या तोंडावर हात ठेवतो. स्वतःच्या तोंडावर. अर्बननं तो हात गॅलिलिओच्या तोंडावर ठेवला, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच झाला. देवाचे मार्ग कळत नाहीत असं म्हणणाऱ्याला पृथ्वी स्थिर आहे याची एवढी खात्री कुठून आली?

भरतीचा उलगडा १६८७ मध्ये न्यूटननं केला. पृथ्वीच्या मध्यापेक्षा जवळच्या बाजूचं पाणी चंद्र जास्त ओढतो, पलीकडचं कमी. म्हणून समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो आणि दिवसाला दोन भरत्या येतात. पण ही ओढ मुळात का असते? ज्या ग्रंथात हा उलगडा होता, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीला त्यानं एक टिपण जोडलं. देवाबद्दल त्यात भरभरून लिहिलं आहे; आणि त्याच टिपणात न्यूटन सांगतो की गुरुत्वाकर्षणाचं कारण मला सापडलेलं नाही, आणि मी ते मनानं रचून सांगणार नाही.