बॅटरी किती मंद होते, ते आधी विचारा

लेखमाला : हाताशी असलेलं बरं (भाग ६)

मागच्या आठवड्यात घरातल्या इन्व्हर्टरबद्दल बोललो. आज त्याहून लहान आणि रोजच्या वापरातली वस्तू : खिशात मावणारी बॅटरी.

दुकानात बॅटरी मागितली की दुकानदार ती पेटवून समोरच्या भिंतीवर मारून दाखवतो. भरदुपारी. लख्ख पांढरा गोळा दिसला की सौदा ठरला. कवठे महांकाळ काय किंवा मिरज काय, रीत हीच. पण घरी आणलेल्या बॅटरीचं बहुतेक काम समोरच्या भिंतीवर नसतं. ते पावलांपुढच्या चार हात जमिनीवर असतं.

आणि आपल्या तालुक्यात हे काम अजून संपलेलं नाही. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इकडे आणलं, पण ते शेतात खेळवणारी थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. ती जिथं पोहोचली तिथली माणसं रात्री झोपतात. बाकीच्यांनी मोटरीला ऑटो स्विच बसवला तरी फ्यूज उडतो, पाइप निसटतो आणि मळ्यात जावंच लागतं. उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवर राखण असते. वळवाचा पाऊस पडून गेला की अंधार पडताना हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे तर तेही रात्रीचंच काम. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं यांनाही हीच वेळ मानवते.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू. सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात लुमेन. बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं हे माप. दुसरं माप कँडेला. तो उजेड एका दिशेला किती एकवटला आहे, हे त्यावरून कळतं. पाइपमधून येणारं पाणी तेवढंच असतं, तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. लुमेन म्हणजे ते पाणी आणि कँडेला म्हणजे ती धार. खोक्यावर उजेड किती मीटर जातो तेही छापलेलं असतं. चांगल्या कंपन्या ज्या अमेरिकी मानकानं हे अंतर मोजतात, त्याच्या हिशेबात उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरला की अंतर संपलं. म्हणजे ‘२०० मीटर’ लिहिलं असेल तर तिथं झाड आहे एवढं कळेल. झाडाखाली कोण उभं आहे, हे कळायला निम्म्याहून जवळ जावं लागेल.

त्याच मानकात उजेड किती वेळ टिकतो याचीही एक गंमत आहे. सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. ‘१००० लुमेन, १० तास’ असं वाचून कुणी हरखून गेलं तर त्याला साधं गणित सांगावं. १८६५० नावाचा लिथियम सेल घ्या. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. तो ३००० एमएएचचा असेल तर ३.६ व्होल्टनं गुणून साधारण ११ वॉट-तास वीज होते. लहान एलईडी बॅटरी एका वॉटला ढोबळमानानं १०० लुमेन देते. म्हणजे १०० लुमेन दहा-अकरा तास, किंवा १००० लुमेन तासभर. दोन्ही एकदम नाही. शिवाय तासभरही कुठला? हजार लुमेनला एवढीशी नळी काही मिनिटांत हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आतलं सर्किट उजेड आपोआप खाली आणतं. यात लबाडी नाही. एलईडी जळू नये म्हणून ते करावंच लागतं. लबाडी आहे ती ‘९९०० एमएएच’ छापलेल्या सेलात. या मापाचे उत्तमातले उत्तम सेल ३५०० च्या आसपास थांबतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. बॅटरी जास्तीत जास्त किती उजेड देते, हे नंतर. कमीत कमी किती देते, ते आधी विचारा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोतानं ती क्षणात मोडते. रात्री उठून पाणी प्यायला, पोराचं पांघरूण बघायला दोन-तीन लुमेन पुरतात. पायवाटेला तीस ते पन्नास. बांधावरून जाताना शंभर. त्यावरचं सगळं अधूनमधून, कुत्रं का भुंकतंय ते बघायला. उजेड दुप्पट वाटायला लुमेन जवळजवळ चौपट लागतात, त्यामुळे ५०० आणि ७०० मध्ये डोळ्याला फारसा फरक कळत नाही, सेलला मात्र कळतो.

झोत कसा पडतो, हेही पाहायला हवं. लांब फेकणाऱ्या बॅटरीत मध्ये जळजळीत ठिपका आणि भोवती काळोख असतो. चालताना तो नडतो. रोजच्या वापराला पसरट झोत बरा. भिंग पुढेमागे सरकवायची झूमवाली बॅटरी दोन्ही करते म्हणतात, पण त्या सरकत्या फटीतून आपल्याकडची मुरमाची धूळ आत जाते आणि पावसात पाणी. बॅटरी धरायची कमरेखाली. उजेड खालून, तिरका पडला की खडा, ढेकूळ, वेटोळं, सगळ्याची सावली लांब पडते आणि ती वस्तू उठून दिसते.

रंगाचं सहसा कुणी बोलत नाही. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळी एलईडी असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. ती निळी एलईडी साधायला कित्येक वर्षं गेली. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. थर हलका असला की उजेड निळसर होतो, लुमेनचा आकडा फुगतो, आणि लाल-तपकिरी रंग मरतात. वाळल्या पानांवर पडलेली घोणस तपकिरीच असते. स्टार्टरच्या पेटीतली लाल वायरही त्या उजेडात मातकट दिसते. उजेडाच्या रंगाचं माप केल्विनमध्ये असतं. खोक्यावर ४००० ते ५००० केल्विन दिसलं तर घ्या, ६५०० दिसलं तर दुसरी दाखवा म्हणा. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० लिहिलं असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

सेल कोणता? गावात कुठल्याही किराणा दुकानात मिळतो तो पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती द्यायची बॅटरी याच सेलची असावी. संपला की नातू दुकानातून आणून देतो. त्यात चार्ज होणारे निकेल सेल वापरले तर उत्तम. २००० एमएएचच्या एका सेलवर शंभर लुमेन दोनेक तास, वीस लुमेन दहा तास मिळतात. साधे सेल आत ठेवून बॅटरी महिनोन्‌महिने कपाटात टाकू नका. ते पाझरतात आणि आतल्या स्प्रिंगा खातात. मळ्यात रोज जाणाऱ्यानं मात्र १८६५० ची घ्यावी. तिला टाइप-सीचं छिद्र असतं, पण स्वस्तातल्या कित्येक बॅटऱ्या दोन्ही तोंडं सी असलेल्या केबलनं चार्जच होत नाहीत. नवी वस्तू बिघडलेली निघाली म्हणून परत करण्याआधी मोबाईलची जुनी चपट्या तोंडाची केबल लावून बघा. आणि १४५०० नावाचा लिथियम सेल दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल असतो, पण त्याचे व्होल्ट दुपटीहून जास्त. जी बॅटरी त्यासाठी बनलेली नाही तिच्यात तो घातला तर ती जळेल.

बटणाबद्दल थोडकं. एकाच बटणावर मोठा, मध्यम, लहान आणि मग लुकलुक असा फेरा असेल तर नको. स्टार्टरपाशी ओल्या हातानं उभं असताना उजेड लग्नाच्या वरातीसारखा नाचायला लागला की त्या बॅटरीची खरी किंमत कळते. बंद करताना ज्या उजेडावर होती, त्याच उजेडावर पुन्हा पेटणारी घ्या. पाण्याबद्दल आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसते, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. त्यातला ‘एक्स’ सांगतो की धुळीची चाचणीच झालेली नाही; आयपी ६७ किंवा ६८ असेल तर दोन्ही झाल्या.

राहिली ती आपल्याकडे घरोघर असलेली, मागून दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या सॉकेटात खोचायची प्लास्टिकची बॅटरी. तिच्यात बहुधा ४ व्होल्टची छोटी शिसे-आम्लाची बॅटरी असते. उतरलेली तशीच ठेवली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि पुढच्या हंगामात ती चार्ज घेत नाही. वापरा किंवा नका वापरू, महिन्याला एकदा पूर्ण भरायची. यातल्या स्वस्त मालात ट्रान्सफॉर्मर नसतो. भिंतीतली २३० व्होल्ट वीज एका कपॅसिटरमधून सरळ आत येते. म्हणून चार्जिंगला लावलेली असताना ती हातात घेऊ नका, पेटवू नका, आणि कवच तडकलं असेल तर पोरांच्या हाती लागण्याआधी टाकून द्या.

पुढच्या भागात कपाळाला बांधायची बॅटरी : दोन्ही हात मोकळे ठेवणारी, पण सावल्या पुसून टाकणारी.