कॅनडाचा पीआर : आधी कोण, मागून कोण?

कॅनडाचा पीआर आला, पण मुलांची परीक्षा मार्चमध्ये. मग एकाने आधी जावं, बाकीच्यांनी मागून यावं, असं चालतं का? चालतं की! फक्त क्रम सांभाळायचा.

अर्जात मुख्य अर्जदार म्हणून ज्याचं नाव आहे, त्याने आधी पोहोचायचं, नाहीतर सगळ्यांनी बरोबर. त्याच्याआधी जोडीदाराला किंवा मुलांना पीआर म्हणून उतरता येत नाही. मुख्य अर्जदार बायको असेल, तर पहिला नंबर तिचा.

दुसरी गोष्ट मुदतीची. प्रत्येकाच्या पीआरच्या पत्रावर शेवटची तारीख असते. ती सहसा वैद्यकीय तपासणीपासून वर्षभराची. पासपोर्ट त्याआधी संपत असेल, तर आणखी अलीकडची. म्हणून मागून येणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी आपापलं पत्र बघायचं.

मुलं एकाच पालकाबरोबर येणार असतील, तर दुसऱ्याच्या सहीचं संमतीपत्र जवळ ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं! पीआर टिकवायला 5 वर्षांत 730 दिवस कॅनडात राहावं लागतं, आणि हा हिशोब ज्याचा त्याचा. बाबा टोरांटोत राहिले म्हणून पुण्यात थांबलेल्या आईचे दिवस भरत नाहीत.